रोटरी इंजिनात कार्बन पुन्हा पुन्हा का साचतो? क्लीनर ओतण्याआधी करायच्या तपासण्या

गरम इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी परत सेल्फ मारला की इंजिन नुसते फिरत राहते, पेट घेत नाही. आयडलिंगला गाडी थरथरते, वरच्या आरपीएमला ओढ कमी झालेली असते, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. कोणीतरी सांगते, "कार्बन झालाय, क्लीनर टाक." क्लीनरची बाटली टाकल्यावर काही दिवस गाडी बरी चालते आणि मग सगळे पुन्हा पहिल्यासारखे होते. माझदाची रोटरी इंजिनाची आरएक्स-८ किंवा जुनी आरएक्स-७ ही गाडी बाळगणाऱ्या बहुतेकांनी हे चक्र अनुभवलेले असते.

माझे मत आधीच सांगतो. क्लीनर चांगली वस्तू आहे आणि योग्य जागी वापरला तर इंजिन उघडण्याची वेळ टळू शकते. पण तो फक्त चिकटलेली सील मोकळी करतो. झिजलेली सील त्याने भरून येत नाही, आणि कार्बन ज्या कारणाने तयार होतो ते कारणही जात नाही. म्हणून बाटली उघडण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: सील खरोखर चिकटली आहे का, आणि कार्बन कुठून येतो आहे.

कार्बन नेमका बसतो कुठे

रोटरीत पिस्टनऐवजी हाउसिंग नावाच्या कवचात तिकोनी रोटर फिरतो; या गाड्यांत असे दोन रोटर असतात. पिस्टन इंजिनात रिंगा जे काम करतात ते इथे तीन प्रकारच्या सीलवर वाटलेले असते. रोटरच्या तीन टोकांना तीन ॲपेक्स सील असतात. दोन्ही बाजूंच्या सपाट पृष्ठभागांवर प्रत्येकी तीन, म्हणजे एका रोटरला सहा साइड सील, आणि या दोन्ही प्रकारच्या सील जिथे भेटतात तिथे कॉर्नर सील. प्रत्येक सील आपल्या खाचेत स्प्रिंगवर तरंगती बसलेली असते. ती मोकळी हलली तरच हाउसिंगला टेकून राहते. खाचेत कार्बन भरला की सील आत दबलेली राहते, तिथून दाब निसटतो आणि कॉम्प्रेशन पडते.

हा कार्बन येण्याचे एक कारण रचनेतच आहे. सीलना वंगण मिळावे म्हणून ऑइल मीटरिंग पंप इंजिन ऑइलच थोडे थोडे ज्वलनकक्षात सोडत असतो. म्हणजे रोटरी इंजिन थोडे ऑइल जाळते ते मुद्दामच. इंजिन ऑइल मात्र जळण्यासाठी बनवलेले नसते; त्यातल्या धातूयुक्त घटकांची राख मागे उरते. त्यात थंड इंजिनाचे श्रीमंत, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले मिश्रण, छोट्या फेऱ्या आणि कायम कमी आरपीएमवर चालवणे यांची भर पडली की राख आणि काजळीचे थर बसत जातात.

२००३ पासून आरएक्स-८ मध्ये आलेल्या रेनेसिस इंजिनात आणखी एक गुंतागुंत आहे. आधीच्या १३बी इंजिनांमध्ये एक्झॉस्टचे तोंड हाउसिंगच्या परिघावर होते. रेनेसिसमध्ये ते बाजूच्या प्लेटमध्ये गेले. त्यामुळे उत्सर्जन सुधारले आणि आयडलिंगही चांगले झाले, पण साइड सील आता गरम एक्झॉस्टच्या तोंडावरून सरकतात आणि कार्बन त्यांच्या आसपास साचतो. माझदाने त्यासाठीच या सीलना पाचरीसारखा छेद दिला, म्हणजे त्या हलताना खाचेतला कार्बन खरवडला जावा. उपाय चांगला आहे, पण गाडी जोरात चाललीच नाही तर तो अपुरा पडतो.

आधी कॉम्प्रेशन मोजा, तेही रोटरीच्या पद्धतीने

बहुतेक चुका इथेच होतात. नेहमीचा कॉम्प्रेशन गेज एका रोटरच्या तिन्ही बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचाच आकडा धरून ठेवतो. दोन बाजू चांगल्या आणि एक मेलेली असली तरी काटा समाधानकारक दिसतो. म्हणून तिन्ही बाजू वेगवेगळ्या दाखवणारा रोटरीचा टेस्टर लागतो. तो मिळत नसेल तर साध्या गेजची हवा सोडणारी खिटी दाबून ठेवा आणि सेल्फ मारताना काट्याच्या उड्या पाहा. तिन्ही उड्या सारख्या हव्यात. आकडा अचूक मिळणार नाही, पण एक उडी बुटकी असेल तर लगेच कळते. प्लग काढून नुसते ऐकले तरी फुस-फुस-फुस असा समान ताल यायला हवा. एक फुस गायब असेल तर कानाला खटकते.

चाचणीच्या वेळी इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज आणि थ्रॉटल उघडा असू द्या. इंधन बंद ठेवा आणि इग्निशन कॉइलचे कनेक्टर काढून ठेवा. रेनेसिससाठी मोजमाप २५० आरपीएमवर धरतात: नव्या इंजिनाला सुमारे ८.५ केजीएफ प्रति चौरस सेंटिमीटर, किमान ६.९. एकाच रोटरच्या बाजूंमध्ये १.५ पेक्षा जास्त फरक नको आणि दोन रोटरमध्ये १.० पेक्षा जास्त नको. सेल्फ जास्त वेगाने फिरत असेल तर आकडा फुगून दिसतो, म्हणून टेस्टरने दाखवलेला वेग लिहून घ्या आणि २५० ला दुरुस्त केलेल्या आकड्यांचीच तुलना करा.

आता या आकड्यांचा अर्थ. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण क्लीनरने फायदा होईल की नाही याचा अंदाज इथे येतो.

एका रोटरची एकच बाजू कमी दाखवत असेल आणि बाकी दोन चांगल्या असतील, तर संशय साइड सीलवर घ्या. साइड सील फक्त तिच्याच बाजूची असते, त्यामुळे ती अडकली की एकाच कक्षाचा दाब जातो. कार्बनने अडकलेल्या सीलचे हे नेहमीचे चित्र आहे आणि क्लीनरला सर्वांत जास्त वाव इथेच असतो. दोन बाजू कमी आणि तिसरी चांगली असेल, तर त्या दोन बाजूंच्या मधले टोक दोषी आहे. ॲपेक्स सील दोन कक्षांना वेगळे करते, त्यामुळे ती गेली की दोन्ही कक्ष पडतात. तिथली ॲपेक्स किंवा कॉर्नर सील अडकलेलीही असू शकते आणि तुटलेलीही. एकदा प्रयत्न करायला हरकत नाही, पण फार आशा धरू नका. सहाही आकडे सारखेच आणि किमान मर्यादेच्या खाली असतील तर ती झीज आहे. त्यावर बाटल्या रिकाम्या करण्यात अर्थ नाही.

आणखी एक शक्यता आहे आणि ती पुष्कळदा सुटून जाते. आकडे चांगले असूनही गरम इंजिन सुरू होत नसेल तर सेल्फचा वेग पाहा. थकलेली स्टार्टर मोटर आणि अर्धमेली बॅटरी अगदी कमी कॉम्प्रेशनसारखीच लक्षणे दाखवतात.

क्लीनरचे प्रकार आणि त्यांची पोच

टाकीत टाकायच्या क्लीनरमध्ये कोणता घटक आहे ते वाचा. पॉलिइथर अमाइन असलेला घ्या. तो इंजेक्टर स्वच्छ करतो आणि ज्वलनकक्षातला थरही कमी करतो. जुन्या पद्धतीचे पॉलिआयसोब्युटिन अमाइनवाले क्लीनर इंजेक्टर साफ ठेवतात, पण ज्वलनकक्षातल्या थरात स्वतःचीच भर घालू शकतात, म्हणून रोटरीत ते नकोत. मात्र चांगल्यातला चांगला घेतला तरी टाकीतून येणारे औषध रोटरच्या पृष्ठभागावर पोचते. साइड सीलच्या खाचेत ते फारसे शिरत नाही. म्हणजे ही देखभाल झाली, अडकलेल्या सीलवरचा इलाज नव्हे. माझदाच्या नव्या ८सी इंजिनात इंधन थेट कक्षात सोडले जाते, त्यामुळे तिथे टाकीतल्या क्लीनरने इनटेकचे मार्ग धुतले जाणार नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

व्हॅक्यूम नळीतून देण्याचा क्लीनर म्हणजे हलके तेल आणि नॅफ्थासारखे द्रावक यांचे मिश्रण. इंजिन पूर्ण गरम करून, २,००० ते २,५०० आरपीएमवर धरून, थ्रॉटलच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडच्या एखाद्या बारीक व्हॅक्यूम नळीतून ते घोट-घोट ओढू द्यायचे. नळी दोन्ही रोटरना सारखी पोचणारी निवडा, नाहीतर एकच रोटर धुतला जातो. एअर फ्लो सेन्सरच्या आधी काहीही फवारू नका. आरपीएम पडायला लागला की नळी लगेच उचला. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे एकदम ओतलेल्या द्रवाने सील फुटण्याचा धोका खरा आहे. काही जण याच पद्धतीने डिस्टिल्ड वॉटर देतात. बारीक नळीतून थेंबाथेंबाने दिले तर ती पद्धत रोटरच्या पृष्ठभागासाठी चांगली आहे आणि तिने वंगणाचा थर द्रावकाइतका धुतला जात नाही. पण खाचेत मुरायला ते थांबत नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल म्हणजे एटीएफ ओतण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. इंजिन पेट्रोलने ओले होऊन सुरूच होत नसेल तेव्हा ते खरोखर कामाला येते, कारण तेलाचा थर सीलभोवतीच्या फटी बुजवून कॉम्प्रेशन तात्पुरते वाढवतो. पण नेमक्या याच कारणाने ते फसवेही आहे. एटीएफ टाकल्यावर लगेच मोजलेला आकडा सील सुटल्याचा पुरावा नसतो.

अडकलेल्या सीलसाठी: भिजवून ठेवण्याची पद्धत

एकच बाजू कमी असल्याचे दिसले तर मी हीच पद्धत सुचवेन, कारण औषधाला खाचेत मुरायला वेळ मिळतो. काम उघड्या जागेत करा. हातमोजे आणि चष्मा घाला. जवळ ज्योत नको.

इंजिन गरम करून बंद करा आणि चटका बसणार नाही इतके निवू द्या. इंधन पंपाचा फ्यूज काढा. चारही कॉइलचे कनेक्टर काढा आणि हे विसरू नका: प्लगच्या भोकांतून द्रावकाचा फवारा उडत असताना जवळ ठिणगी पडली तर आग लागेल. मग प्लग काढा. प्रत्येक रोटरला लीडिंग आणि ट्रेलिंग असे दोन प्लग असतात; कुठला लीडिंगचा आणि कुठला ट्रेलिंगचा, ते वेगळे ठेवा. खालचे भोक लीडिंगचे, वरचे ट्रेलिंगचे. आरएक्स-८ मध्ये दोन्हींची उष्णता श्रेणी वेगळी असते, आरई७सी-एल लीडिंगला आणि आरई९बी-टी ट्रेलिंगला. त्यांची अदलाबदल चालत नाही.

लीडिंगच्या भोकात लवचीक नळी लावून प्रत्येक कक्षात थोडे क्लीनर सोडा. शाफ्ट तीनदा फिरतो तेव्हा रोटर एकदा फिरतो, म्हणून रोटरची पुढची बाजू भोकासमोर आणायची तर समोरची पुली पान्याने बरोबर एक पूर्ण फेरा फिरवायची. समोरून पाहता घड्याळाच्या दिशेनेच फिरवा, उलट नको. तीन फेऱ्यांत एका रोटरच्या तिन्ही बाजू होतात. मग दुसरा रोटर. प्लग हाताने अलगद लावून रात्रभर राहू द्या. मधे एकदा-दोनदा पुली थोडी फिरवली तर सील हलून औषध आत शिरायला मदत होते.

दुसऱ्या दिवशी प्लग काढा, भोकांवर जुने फडके धरा आणि सेल्फ छोट्या छोट्या टप्प्यांत मारा. काळसर द्रव बाहेर येईल. तो येणे थांबल्यावर प्रत्येक कक्षात थोडे टू-स्ट्रोक ऑइल सोडा, कारण द्रावकाने हाउसिंगवरचा तेलाचा थर पूर्ण धुतलेला असतो आणि कोरड्या सीलने इंजिन सुरू करणे म्हणजे नव्या झिजेला आमंत्रण. जुने प्लग लावून, फ्यूज आणि कॉइल जोडून सुरू करा. सुरू व्हायला नखरे करेल. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला तर आरएक्स-८ चा कॉम्प्युटर इंधन बंद ठेवतो, त्याचा उपयोग कक्ष कोरडे करायला होतो. सुरू झाल्यावर दाट पांढरा धूर येईल. तो पूर्ण थांबेपर्यंत गाडी उघड्यावरच ठेवा.

धूर संपला की गाडी बाहेर काढा आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर वरच्या आरपीएमपर्यंत खेचा. सुटलेला कार्बन याच वेळी बाहेर पडतो. परत आल्यावर इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, कारण द्रावकाचा काही भाग ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतो. हे उद्यावर टाकू नका. नवे प्लग याच वेळी लावा. कॉम्प्रेशन मात्र लगेच मोजू नका. गाडी काही दिवस नेहमीसारखी चालवा, कक्षातले जादा तेल जळून जाऊ द्या, मग आधीच्याच पद्धतीने मोजा.

टर्बो असलेल्या आरएक्स-७ ला हे करताना मात्रा आणखी कमी ठेवा. सुटलेला कडक तुकडा थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) आधीच संशयास्पद असेल तर तो आधी तपासा. अर्धवट जळालेले द्रावक आणि कार्बन त्याचा उरलासुरला श्वास बंद करतील.

बरे होऊन परत बिघडते तेव्हा

सील सुटली, आकडे सुधारले, आणि काही महिन्यांत पुन्हा तेच. अशा वेळी क्लीनरचा ब्रँड बदलण्याऐवजी इग्निशन पाहा. आरएक्स-८ मध्ये चार स्वतंत्र कॉइल असतात आणि त्या हळूहळू अशक्त होतात. बरेचदा चेक इंजिनचा दिवाही लागत नाही, फक्त वरच्या आरपीएमला ओढ कमी होते. लागलाच तर पी०३०१ पुढच्या रोटरचा मिसफायर आणि पी०३०२ मागच्याचा. न जळलेले पेट्रोल हाउसिंगवरचे तेल धुते, काजळी वाढवते आणि पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते. कन्व्हर्टर वितळून तुंबला की एक्झॉस्ट मागे कोंडतो, उष्णता वाढते आणि सीलभोवतीचा कार्बन आणखी कडक होतो. एका थकलेल्या कॉइलपासून सुरू झालेली ही साखळी इंजिन उघडण्यापर्यंत जाते. म्हणून कॉइल, प्लग आणि वायरी एकाच वेळी बदलाव्यात, जी मेली तेवढीच नव्हे.

त्यानंतर थर्मोस्टॅट. तो उघडा अडकला तर इंजिन कधीच पुरेसे तापत नाही, मिश्रण कायम श्रीमंत राहते आणि तापमानाचा काटा जरासाच खाली असल्याने कोणाचे लक्ष जात नाही. शीतक तापमानाचा सेन्सर, गळका इंजेक्टर, मळलेला एअर फ्लो सेन्सर, हे त्याच रांगेतले.

ताकद फक्त वरच्या टप्प्यात कमी असेल तर कार्बन कक्षात नसून इनटेकच्या झडपांवरही असू शकतो. जास्त ताकदीच्या आरएक्स-८ मध्ये सहा इनटेक पोर्ट असतात आणि त्यांतल्या जादा पोर्टच्या झडपा साधारण ६,२५० आरपीएमच्या आसपास उघडतात. त्या तेलकट काजळीने चिकटल्या की गाडी तिथेच दम टाकते. इथे कोणत्याही बाटलीवर विसंबू नका. मॅनिफोल्ड काढून झडपा हाताने साफ कराव्या लागतात.

मग वापराची सवय. थंड इंजिन सुरू करून गाडी दोन हात सरकवून बंद करणे रोटरीला सर्वांत वाईट. कक्ष पेट्रोलने ओले राहतात, पुढच्या वेळी इंजिन फ्लड होते आणि तेलाचा थरही जातो. सुरू केले तर पूर्ण तापू द्या. तापल्यावर रोज एकदा तरी रेडलाइनजवळ न्या. जास्त ताकदीच्या रेनेसिसला ती ९,००० आरपीएमला आहे. ज्यांना इंजिनाची फार काळजी असते तेच गाडी कायम हळू चालवतात आणि त्यांच्याच इंजिनात कार्बन जास्त होतो, हे पाहून मला दर वेळी वाईट वाटते.

पेट्रोलमध्ये कमी राखेचे, जासो या जपानी मानकाच्या एफडी दर्जाचे टू-स्ट्रोक ऑइल मिसळण्याची सवय मी मनापासून सुचवतो. मीटरिंग पंप चालू असेल तर लिटरला ४ मिलिलिटर पुरे. ते जळण्यासाठीच बनवलेले असते, राख कमी सोडते आणि सीलना ताजे वंगण देते. टाकीत क्लीनर टाकाल त्या वेळी तर हे हवेच.

एकदा भिजवून आकडे थोडे वर आले, पण पुरेसे नाहीत, तर दुसऱ्यांदा करा. दुसऱ्या वेळीही तीच बाजू तिथेच अडली तर तिसरी बाटली आणू नका. सील खाचेतच घट्ट बसली आहे किंवा झिजली आहे, आणि तिच्यासह चालवलेले इंजिन हाउसिंग खराब करत राहते. इंजिन उघडायला देताना आधीचे आणि नंतरचे सहाही आकडे कागदावर लिहून द्या, कोणत्या रोटरची कोणती बाजू ते नमूद करा, आणि त्या बाजूच्या साइड सीलची खाच साफ करण्याआधी तिचा फोटो मागा.